दोन हात, वर लागले तर आमचे

१ एप्रिल, मंगळवार. भोकरदन

ही डायरी रंगाच्या दुकानदाराने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक कुटुंब छापलंय. चौघंही नव्या भिंतीकडे बघून हसतायत. मी पंचवीस वर्षं घरं रंगवतोय, पण भिंतीकडे बघून हसणारं गिऱ्हाईक अजून पाहिलं नाही. भिंतीवर बोट ठेवून "हे काय हो?" म्हणणारी मात्र बक्कळ पाहिली.

लिहायला करसल्लागाराने सांगितलं. म्हणाला, "सांडूभाऊ, आता तुम्ही फर्म झालात. कामाची नोंद ठेवत जा." फर्म म्हणजे मी, गोरक्षनाथ आणि एक घोडी. घोडी म्हणजे उभं राहून रंग द्यायची लाकडी शिडी. गोरक्षनाथ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा आहे आणि गेल्या दिवाळीपासून तो तिसऱ्या पायरीच्या वर चढत नाही. छताचं काम आता मालक करतो. मालक म्हणजे मीच.

३ एप्रिल, गुरुवार

फर्म का झालो, ते लिहून ठेवतो. नाहीतर पुढे मलाच आठवायचं नाही.

कंपनीची माणसं आता गावात यायला लागलीत. एकसारखे टी-शर्ट, घासायचं मशीन, भिंतीला लाल ठिपका लावून माप घ्यायचं यंत्र. आम्ही फूटपट्टीवाले त्यांच्यापुढे भिकारी दिसतो. त्यांच्यामुळे लोक मलाही विचारायला लागले, "लायसन हाय का तुमचं?" पंचवीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून लायसन काढायला गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, रंगाऱ्याला वेगळं लायसन नसतं.

"मंग लोक काय मागून राह्यले?"

"काहीतरी फ्रेम केलेलं दाखवा त्यांना."

म्हणून दुकानाचा गुमास्ता, म्हणजे नोंदणीचा परवाना, काढला आणि फ्रेम केला. दुकान म्हणजे आमची पुढची खोली. फ्रेम सत्यशीलाच्या शिलाई मशीनच्या वर टांगली. आता तिचं गिऱ्हाईक ब्लाउजचं माप देताना माझं लायसन वाचतं. शंभर कार्डंही छापली, "सांडू पेंटिंग वर्क्स, लायसनधारक". सत्यशीलाने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "कशाचं लायसन, ते मागच्या बाजूला हाय का?"

असो. खरी गोष्ट ही की जालन्याची एक शिक्षण संस्था आपल्या सहा शाळांसाठी रंगाच्या ठेकेदारांची यादी करतेय. यादीत नाव लागलं की वर्षभर काम. गुमास्ता, पॅन कार्ड आणि एका मोठ्या कामाचा अनुभवाचा दाखला हवा. दाखल्यावर गिऱ्हाइकाची सही लागते, "काम पूर्ण व विनातक्रार झाले". शेवटची तारीख ९ मे. माझी पंचवीस वर्षांची सगळी कामं तोंडी आहेत. दाखला एकाचाही नाही.

५ एप्रिल, शनिवार

काम मिळालं. कारभारी अण्णांचं घर. आठ खोल्या, ओसरी, बाहेरच्या तीन बाजू. दाखल्याला पुरून उरेल एवढं.

अण्णा मोजमापाचे पक्के. माझ्या फूटपट्टीवर त्यांचा विश्वास नाही. स्वतःची काढली. दोन्ही पट्ट्यांत पाऊण इंचाचा फरक निघाला आणि त्यावर आमचा अर्धा तास गेला.

"कधीपर्यंत पाह्यजे?"

"चार मेला लगीन हाय घरी."

"कोणाचं?"

"मीनाचं."

मी पट्टी मिटायला लागलो. मीना त्यांची सून. कल्याण, त्यांचा एकुलता एक, चार वर्षांपूर्वी जालना रोडवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून ती याच घरात राहते. आता सासू-सासरेच तिचं लग्न लावून देतायत. मुलगा वाटूरचा, राजानंद नावाचा. म्हणालो, "बदामी रंग चांगला दिसंल." आयुष्यात हुशारीचं बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून रंगाचं नाव निघतं.

ओसरीत दाराच्या डाव्या अंगाला अजून माझंच अक्षर आहे. शुभविवाह, चि. कल्याण व चि. सौ. कां. मिना. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर नावं लिहितात, ती २०१४ साली मी लिहिली होती. वर गणपती, खाली दोन कलश, लाल ऑइल पेंट. ओसरीत ऊन लागत नाही, म्हणून कालच लिहिल्यासारखं आहे. कल्याण तेव्हा डबा धरून उभा होता. म्हणाला, "माझं नाव जरा ठळक मारा. तिचं ती आल्यावर बघून घेईल." तिने खरंच बघून घेतलं. उंबरा ओलांडायच्या आधी म्हणाली, "माझं नाव चुकलंय. मीना दीर्घ असतं." सगळी वरात हसली होती. मी मंडपाच्या मागे जाऊन जेवलो.

कारभारी अण्णा म्हणाले, "हे सगळं जाऊ दे. नवीन लिहायचं हाय."

९ एप्रिल, बुधवार

कोटेशन दिलं. पहिल्यांदाच मालासकट काम धरलं, आतापर्यंत फक्त मजुरीवर करायचो. ठेकेदार म्हटलं की माल आपला. ऐट वाढवायला शेवटी लिहिलं, "रंगाचे दोन हात. वर लागले तर आमचे." दोन हात म्हणजे दोन थर, हे गावात पोराटोरांनाही कळतं.

सत्यशीला म्हणाली, "दोन लिहिले ना, मंग दोनच राहू द्या. वरचे आपले कशाला?"

"तेवढं लिहिलं की गिऱ्हाईक खूश."

"अन् आपण?"

तिला धंद्यातलं कळत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

काम सुरू. घासणी. नाकातोंडात धूळ. घरी आलो तर सत्यशीलाने दारातच बादली दिली.

१५ एप्रिल, मंगळवार

काल लिहायचं राहिलं. डिस्टेंपरच्या बादलीचा भाव वाढला. कोटेशन देऊन सहा दिवस झालेत. बहुधा भाव माझ्या कोटेशनचीच वाट बघत होता.

१७ एप्रिल, गुरुवार

ओसरीचा पहिला हात.

इथे एक कबुली देतो, कारण डायरी कुणी वाचत नाही. जुन्या ऑइल पेंटवर डिस्टेंपर धरत नाही. आधी पत्र्याने खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर. गोरक्षनाथने पत्रा हातात दिला. मी दोन वेळा उचलला आणि खाली ठेवला. 'ल्य' मधला तो वळसा! असा वळसा आता मला जमत नाही. माझ्याच अक्षरावर पत्रा चालवायचं जिवावर आलं. म्हणालो, "राहू दे, जाड हात मारू, झाकून जाईल."

गोरक्षनाथ म्हणाला, "मालक तुमी हाव."

हे तो नेहमी मी चूक करत असतो तेव्हाच म्हणतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी जाऊन बघतो तर नाव वर आलेलं. सगळं नाही. गणपती झाकला, कलश झाकले, मिना झाकली. फक्त कल्याण. स्पष्ट, लाल.

विचार करून कारण शोधलं. 'कल्याण' ठळक मारलं होतं, शिवाय जोडाक्षर, तिथे रंग जास्त बसलेला. ऐकून गोरक्षनाथने मान हलवली. होकार होता की नकार ते कळलं नाही.

दुसरा हात मारला.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी झाकलेलं होतं. दुपारी जेवून आलो तर कल्याण पुन्हा वर. शिवाय तेवढ्या जागी भिंत ओलसर. ओल आहे म्हणजे पाइप गळत असणार! मी खूश झालो. दोष माझा नाही, नळाचा. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या भिंतीत पाइपच न्हाई."

गोपिकाकाकू, म्हणजे कल्याणची आई, ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या नखांत बदामी रंग दिसला. म्हटलं, "काकू, भिंतीला हात लावला काय? ओली हाय अजून." त्या म्हणाल्या, "बघत होते जरा." बरोबर आहे. गिऱ्हाइकाने माल तपासून घ्यावाच.

२१ एप्रिल, सोमवार

तिसरा हात. हा आमचा.

२२ एप्रिल, मंगळवार

कल्याण.

२३ एप्रिल, बुधवार

दुकानदाराशी भांडायला गेलो. बादली भेसळीची आहे म्हणालो. त्याने शांतपणे विचारलं, "भिंतीला कुणी ओलं फडकं लावतं का? डिस्टेंपर नीट सुकायच्या आधी पुसलं तर निघतं."

मी म्हणालो, "भिंत काय ताट हाय का, जेवल्यावर पुसायला?" तिथली सगळी माणसं हसली. मला वाटलं माझ्या विनोदाला हसली.

चौथा हात मारला. गावात आता लोक विचारतात, "सांडूभाऊ, किती हात झाले?" चौकात एकाने माझं कार्ड काढून मोठ्याने वाचलं. "लायसनधारक" या शब्दावर थांबला.

रात्री सत्यशीलाला म्हणालो, दाखला बुडाला. सहा शाळा गेल्या. अशा भिंतीवर अण्णा "पूर्ण" म्हणून सही करणार नाहीत, आणि केली तर मीच घेणार नाही. तिने मशीन थांबवलं. म्हणाली, "तुमच्या रंगात दोष असता तर मिनापण वर आली असती." मी म्हणालो, जोडाक्षराचा प्रश्न आहे. ती पुन्हा मशीन चालवायला लागली.

२६ एप्रिल, शनिवार

आज प्रायमर आणि ऑइल पेंट घेऊन गेलो. सरळ सील करायचं. त्याच्या खालून देवही वर येणार नाही.

दुपारी जेवायला निघालो आणि अर्ध्या वाटेत आठवलं, चष्मा खिडकीत राहिला. परत गेलो. ओसरीत गोपिकाकाकू भिंतीजवळ उभ्या. चष्मा नसल्याने मला वाटलं, चौथा हात न्याहाळतायत. जरा बरं वाटलं. जवळ गेलो. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. 'क' चा गोल पुसत होत्या, बारीक, लहान पोराचं तोंड पुसतात तसं.

मला बघून थांबल्या नाहीत. 'ण' चा दांडा पुरा केला.

"काकू, आवं हे काय करून राह्यल्या?"

"सांडू, मीनाचं नाव मी पुसू दिलं का न्हाई? पोरगी तिच्या घरी चालली, आनंदानं जाऊ दे. मीच म्हन्ले तिला, लगीन कर. पन तिला जायला वाटूर हाय. ह्यो कुठं जाईल?"

मी तिथेच खाली बसलो. प्रायमरचा डबा मांडीवर होता. आठ दिवस मी जोडाक्षराला, पाइपला, दुकानदाराला दोष देत होतो, आणि एक म्हातारी माझ्या हातावर हात मारत होती.

तेवढ्यात मीना बाहेर आली. हातात पाण्याची बादली. बादली काकूंजवळ ठेवली, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सांडूभाऊ, रागावू नका. पाणी मीच भरून देत होते. आईंना पहिल्या दिवशी पाह्यलं तेव्हापासून."

"मला सांगायचं व्हतं!"

"तुम्ही रोज इतक्या जोरात रंग देत होता, बोलायला जागाच न्हवती."

कारभारी अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. सगळं ऐकलं असणार. भिंतीकडे बघितलं. मग फूटपट्टी काढली. नावाची लांबी मोजली, उंची मोजली. म्हणाले, "एवढं मापातून कमी करा." आणि आत गेले.

२७ एप्रिल, रविवार

सुट्टी न घेता गेलो. नाव ठेवायचं तर नीट ठेवायचं. नावाभोवती सरळ चौकट आखली. गोपिकाकाकूंनी पुसताना आजूबाजूलाही फराटे ओढले होते, ते बारीक ब्रशने भरून घेतले. आत ऑइल पेंटचा नवा हात देऊ का विचारलं. काकू म्हणाल्या, "नको, हाय तसाच राहू दे." चार चौरस फुटांना अर्धा दिवस लागला. आठ खोल्यांची इतकी काळजी मी घेतली नव्हती. अण्णांना हे सांगणार नाही.

'ल्य' चा वळसा अगदी जवळून बघितला. डबा धरून उभा असलेला कल्याण आठवला आणि रडू आलं. गोरक्षनाथला म्हणालो, टर्पेंटाइनचा वास डोळ्यात गेला. डिस्टेंपरमध्ये टर्पेंटाइन नसतं. त्यालाही माहीत आहे. त्याने खांद्यावरचा पंचा काढून दिला आणि घोडी धरली. मी जमिनीवरच उभा होतो, तरी धरली.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. आतल्या खोल्यांचा शेवटचा हात. आज गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. गोपिकाकाकूंनी ती देवघरात न ठेवता ओसरीत, नावाखाली ठेवली. वर आंबा, बाजूला खरबूज. आम्ही दिवसभर वळसा घालून ये-जा केली. गोरक्षनाथ एकदा अडखळला, पण घागर हलली नाही.

२ मे, शुक्रवार

दाराच्या उजव्या अंगाला नवी नावं लिहिली. खरं तर आता लोक फ्लेक्स लावतात, पण अण्णा म्हणाले, भिंतीवरच पाहिजे. चि. सौ. कां. मीना व चि. राजानंद. मीना मागे खुर्ची घेऊन बसली होती.

"दीर्घ, सांडूभाऊ."

"माहीत हाय."

"मागच्या वेळीपन तुम्ही म्हन्ले असाल, माहीत हाय."

वेलांटी इतकी लांब गेली की राजानंदला जागा कमी पडली, त्याचा शेवटचा 'द' थोडा बारीक झाला. मीना म्हणाली, "ते आल्यावर बघून घेतील." मग डावीकडच्या नावाकडे बघून हसली. मला वाटतं हसलीच. मी रंगाचा डबा ढवळत होतो, ढवळायचं काहीच नव्हतं.

४ मे, रविवार

लग्न झालं. राजानंद दारात आला, दोन्हीकडची नावं वाचली. त्याला आधी सांगितलेलं असणार. डाव्या नावाला हात जोडले आणि आत गेला. मी या वेळी मंडपात बसून जेवलो.

निघताना मीना गोपिकाकाकूंच्या गळ्यात पडून रडली. दोघींनी एकमेकींना सोडलं नाही, म्हणून अण्णाच पुढे झाले आणि तेही तिथेच अडकले.

६ मे, मंगळवार

दाखला मागायला गेलो. अण्णांनी शाळेतल्या अक्षरात, पट्टी धरून ओळी आखून लिहिला:

"सांडू पेंटर यांनी आमच्या घराचे रंगकाम केले. एक नाव सोडून सर्व काम पूर्ण आहे. ते नाव आम्ही ठेवून घेतले आहे. तक्रार नाही."

सही, तारीख, खाली मापही. वजा चार चौरस फूट.

८ मे, गुरुवार. जालना

सकाळच्या बसने जालन्याला गेलो. संस्थेतल्या बाईंनी फाइल उघडली. गुमास्ता बरोबर, पॅन कार्ड बरोबर. दाखला वाचला, पुन्हा वाचला.

"हे 'एक नाव सोडून' म्हणजे काय? काम अपुरं आहे का?"

"न्हाई मॅडम. तेवढं सोडायचं, तेच काम होतं."

"आम्हाला 'पूर्ण व विनातक्रार' असंच लागतं. ते वाक्य काढून दुसरा लिहून आणा. उद्या पाचपर्यंत."

९ मे, शुक्रवार

सकाळी अण्णांच्या घराकडे गेलो. एका वाक्याचा प्रश्न होता. अण्णांनी ते काढलंही असतं, ते आडमुठे नाहीत, फक्त पट्टीवाले आहेत. एक ओळ खोडायची, दुपारची बस धरायची, वर्षभर सहा शाळा.

ओसरीत गोपिकाकाकू एकट्याच बसल्या होत्या. मीना नसल्याने घर मोठं वाटत होतं. काकूंच्या हातात फडकं होतं, या वेळी कोरडं. नावावरची धूळ झटकत होत्या. "ये सांडू, चहा घेतू का?" म्हणाल्या. मी चहा घेतला. भिंतीकडे बघितलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भिंतीकडे बघून जरा हसत होतं. डायरीच्या पानाखालच्या चौघांसारखं नाही, पण हसत होतं.

दाखल्याचं काही बोललो नाही. कागद खिशातच राहिला.

पाच वाजता मी आमच्या पुढच्या खोलीत बसून होतो. यादी बंद झाली असेल. सत्यशीलाने कागद मागितला, वाचला, चष्मा काढून परत वाचला. मग स्टुलावर चढली, भिंतीवरची फ्रेम खाली घेतली, मागचे खिळे वाकवले, गुमास्त्याचा कागद बाहेर काढला आणि अण्णांचा दाखला आत घातला.

मी म्हणालो, "अगं, कुणी लायसन विचारलं तर काय दाखवू?"

ती म्हणाली, "हेच दाखवा."